रेग्युलेटर, बादली आणि आईची चिंच



यंदा गणपतीत प्रसादाच्या रांगेत एक नवीन मुलगा भेटला. नुकताच पुण्याहून इथे आलेला, एका बँकेत जावावर काम करणारा. टियोमानला जाऊन ओपन वॉटरचा कोर्स करून आला होता आणि अंगात अजून समुद्र भरलेला होता. मी डायव्हिंग करतो हे कुणीतरी त्याला सांगितलं होतं. प्रसादाचा द्रोण हातात घेऊन त्याने थेट विचारलं, "दादा, पहिला रेग्युलेटर कुठला घेऊ?"

मी म्हटलं, "आधी बादली घे."

त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. रांग पुढे सरकली, विषय राहिला. पण घरी येताना एमआरटीत वाटलं की हे नीट लिहून काढावं. आपल्यातले बरेच जण आता डायव्हिंग करायला लागलेत. कोर्समध्ये पाण्याखाली काय करायचं ते चार दिवस शिकवतात, आणि वर आल्यावर सामान कसं धुवायचं ते शेवटच्या दहा मिनिटांत, तेही सगळे उपाशी असताना. माझ्या बाबतीत त्या दहा मिनिटांकडे दुर्लक्ष केल्याची किंमत फक्त मी मोजली असती तर चाललं असतं. ती माझ्या आईनेही मोजली. म्हणून हे जरा लांबण लावतोय, सांभाळून घ्या.

ज्यांना या विषयातलं काहीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये हवा साधारण २०० बार दाबाने भरलेली असते. आपल्या गाडीच्या टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास असते, म्हणजे जवळजवळ नव्वदपट! ही हवा थेट तोंडात घेता येत नाही. रेग्युलेटर हा दाब दोन टप्प्यांत उतरवतो. सिलिंडरच्या तोंडावर बसतो तो फर्स्ट स्टेज. तो दाब आजूबाजूच्या पाण्यापेक्षा नऊ-दहा बारने जास्त, इतका खाली आणतो. तिथून नळीने हवा येते ती तोंडातल्या सेकंड स्टेजला. तुम्ही श्वास ओढला की त्यातला रबरी पडदा आत ओढला जातो, एक छोटी दांडी दबते, झडप उघडते आणि तुमच्या आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबाची हवा मिळते. श्वास थांबला की झडप बंद. मागितलं तरच देणार, न मागता काही नाही. अगदी सरकारी खात्यासारखं, फक्त हे ताबडतोब देतं :-)

याची जन्मकथाही आपल्यासारख्यांना आवडेल अशी आहे. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये पेट्रोलची टंचाई होती, तेव्हा गाड्या गॅसवर चालवायची खटपट चालू होती. एमिल गान्यां नावाच्या इंजिनिअरने त्यासाठी एक झडप बनवली होती. १९४३ साली झाक कुस्तो आणि गान्यां यांनी तीच कल्पना पाण्याखालच्या श्वासासाठी वापरली. म्हणजे मूळ वस्तू गाडीच्या इंजिनातली. तिची निगा इंजिनासारखीच घ्यावी लागते, यात आश्चर्य नाही.

असो. तर झालं काय...

मी माझा रेग्युलेटर २०१९ साली घेतला. पहिलं वर्ष उत्साहाचं. महिन्यातून एकदा शुक्रवारी ऑफिस सुटलं की बसने कॉजवे ओलांडायचा, मर्सिंगहून बोट, शनिवार-रविवार टियोमान नाहीतर दायांग, आणि रविवारी रात्री इमिग्रेशनच्या रांगेत उभ्या उभ्या डुलक्या घेत परत. घरी पोचायला बारा-एक वाजायचे. सोमवारी सकाळी नऊला स्टेटस कॉल. अशा वेळी ओली बॅग उघडून सामान धुवायची इच्छा कुणाला होणार? "बोटीवर टबात बुडवलं होतं की" असं स्वतःला सांगायचं आणि बॅग सरळ बॉम्ब शेल्टरमध्ये ढकलायची.

(भारतात हे वाचणाऱ्यांसाठी: आमच्या एचडीबी फ्लॅटमध्ये जाड भिंतींची, लोखंडी दाराची एक खोली असते. युद्ध झालं तर लपायला. युद्ध होईपर्यंत तिथे बॅगा, सायकलचा पंप, गणपतीचं मखर आणि तांदळाची गोणी असते. वारा जवळजवळ नाही. आणि सिंगापूरची सरासरी आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर.)

मग मार्च २०२० आला. मलेशियाची सरहद्द बंद झाली आणि जमिनीवरून ये-जा पूर्ववत व्हायला १ एप्रिल २०२२ उजाडावा लागला. मधल्या काळात नियम सैल झाले तसे आम्ही इथल्याच पुलाऊ हंटूला अधूनमधून जायचो. हंटू म्हणजे भूत. नाव सार्थ आहे, कारण तिथे दोन-तीन मीटरच्या पलीकडचा माणूस भुतासारखाच दिसतो किंवा दिसतच नाही. पण छोट्या जीवांसाठी, समुद्री गोगलगायींसाठी जागा झकास. सकाळी जाऊन दुपारी परत. इतकं जवळ असूनही घरी आल्यावर धुण्याची शिस्त काही लागली नाही. वर्षाची सर्व्हिसिंग? "डाइव्ह कुठे झाल्यात एवढ्या" म्हणून तीन वर्षं पुढे ढकलली.

२०२२च्या ऑगस्टमध्ये आई आली. मंडळी, तुमच्यापैकी अनेकांना हे सांगायला नको. अडीच वर्षं आई मला फक्त मोबाइलच्या पडद्यावर दिसत होती, त्यातही अर्धा वेळ तिचं कपाळ आणि पंखा. चांगी विमानतळावर ती दारातून बाहेर आली तेव्हा मला ती आधीपेक्षा बुटकी वाटली. आम्ही कराडचे. आईचं सगळं आयुष्य कृष्णा-कोयनेच्या काठी गेलं, पण पुराच्या बातम्यांमुळे पाण्याचा धसका कायमचा. मी समुद्राखाली जातो हे तिला बायकोने एकदा चुकून सांगितलं होतं. तेव्हापासून ती "ते पाण्यातलं" असं म्हणायची. नाव घ्यायची नाही.

ती आल्यानंतर पंधरा दिवसांनी मी टियोमानला गेलो. रविवारी रात्री परत, बॅग बॉम्ब शेल्टरमध्ये, सोमवारपासून एका रिलीजची धावपळ. बुधवारी संध्याकाळी घरी आलो तर बाथरूममध्ये दोरीवर वेटसूट, बूट, सगळं ओळीने वाळत घातलेलं. आणि रेग्युलेटर? तो स्वयंपाकघरात, ओट्यावर, स्टीलच्या ताटात पालथा. शेजारी वाटीत भिजवलेली चिंच.

"वास मारत होतं सगळं," आई म्हणाली. "धुऊन टाकलं. आणि हे बघ, हे तुझं नळीचं, हे कळकलंय रे. इथं बघ कडेला हिरवं. बंबाला येतं ना, तसं. चिंचेनं घासलं, निघालं थोडं. आतनं पण धुतलं. ते मधलं बटण दाबलं की पाणी आत जातं चांगलं."

मी दमलो होतो, फार लक्ष दिलं नाही. "बरं बरं, आई" म्हटलं आणि रेग्युलेटर उचलून ठेवला. "याच्यातनं श्वास घेतोस तू?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. ती पुढे काही बोलली नाही.

कळकलंय हा शब्द मी कित्येक वर्षांनी ऐकला. नव्या पिढीसाठी सांगतो. पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली आणि त्यात ताक किंवा आमटी ठेवली की ती कळकते, हिरवट-कडू होते. म्हणून पूर्वी कल्हईवाला यायचा आणि आतून कथिलाचा थर द्यायचा. तो शब्द इथे किती अचूक बसत होता हे मला तेव्हा कळलं नाही. रेग्युलेटरचा फर्स्ट स्टेज बहुधा पितळेचाच असतो, वर क्रोमचा मुलामा. म्हणजे कल्हईच ती! मुलामा कुठे उडाला आणि खारं पाणी आत राहिलं की पितळेतलं तांबं हिरवं होणार. मी चार वर्षं इंजिनिअरिंग शिकून जे पाहिलं नव्हतं ते आईने ओट्यावर एका नजरेत पाहिलं होतं.

तीन आठवड्यांनी रविवारी हंटू. बोटीवर सामान जोडलं, हवा उघडली, दोन श्वास घेऊन पाहिले. श्वास ओढला की प्रेशर गेजचा काटा किंचित खाली जायचा आणि परत वर यायचा. मला ते दिसलं. "व्हॉल्व्ह पूर्ण उघडला नसेल" म्हणून मी तो तपासला. पूर्ण उघडलेला होता. मग? मग काही नाही. लोक उड्या मारत होते, मीही मारली. मंडळी, त्या काट्याबद्दल खाली पुन्हा लिहिणार आहे, कारण या सगळ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

बारा मीटरवर गेल्यावर श्वास जड व्हायला लागला. सर्दी झाल्यावर एकच नाकपुडी चालू असते ना, तसं. ओढतोय, येतंय, पण पुरत नाही. खोल गेलं की हवा दाट होते आणि प्रत्येक श्वासाला सिलिंडरमधून जास्त हवा जावी लागते, त्यामुळे जो अडथळा वर जेमतेम जाणवतो तो खाली अंगावर येतो. पुरत नाही म्हणून आपण जोरात ओढतो, जोरात ओढलं की आणखी कमी पडतं. मी माझा दुसरा, पिवळ्या नळीचा सेकंड स्टेज तोंडात घेतला. तेच! अर्थात तेच असणार, दोन्ही एकाच फर्स्ट स्टेजवर. हे मला कोर्सच्या परीक्षेत विचारलं असतं तर अचूक सांगितलं असतं.

बडी कुठे? समोर हिरवं धुकं. तो माझ्यापासून फार तर तीन मीटरवर असेल, पण दिसत नव्हता. ते पाच-सात सेकंद मला अजून आठवतात. खोटं कशाला बोलू, देव वगैरे आठवला नाही. आठवलं ते ओट्यावरचं ताट. मग त्याचा एक फिन दिसला, मी तो पकडला, गळ्यावरून हात फिरवून खूण केली, त्याने शांतपणे आपला जादा सेकंड स्टेज दिला आणि आम्ही एकमेकांचे हात धरून सावकाश वर आलो. बोटीवर येऊन मी पाणी प्यायलो आणि बराच वेळ गप्प बसलो. झालं एवढंच. पण तिथे बडी तीन मीटरऐवजी दहा मीटरवर असता तर काय, हा हिशेब मी त्या रात्री बरेचदा केला.

आणि आता जे लिहायला जड जातंय ते. घरी आलो. आई दारातच होती, "दमलास?" विचारत. मी म्हणालो, "तुला कुणी सांगितलं होतं माझ्या सामानाला हात लावायला? आज मेलो असतो मी." आणखीही बोललो. बटण दाबून आत पाणी घातलंस, चिंच घासलीस, हे भांडं नाही, यंत्र आहे. आई एक शब्द बोलली नाही. आत गेली. बायको माझ्याकडे बघत राहिली. रात्री जेवायला आई आली, वाढलंही तिनेच. पण वाढताना माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून लवकर निघून रेग्युलेटर दुरुस्तीला नेला. साठीतले एक चिनी अंकल आहेत, लहानसं वर्कशॉप, चष्मा कपाळावर. मी आधीच निकाल सांगून टाकला, "आईने धुतला, आत पाणी गेलं." ते "हं" म्हणाले आणि माझ्यासमोरच खोलायला घेतला. पहिल्यांदा बाहेर आला तो फिल्टर. हवा जिथून आत शिरते तिथे धातूच्या बारीक कणांची दाबून केलेली एक चकती असते. नवी असताना ती चकचकीत असते. माझी गर्द हिरवी होती, शेवाळलेल्या पायरीसारखी. मग पुढचे भाग. आतल्या भिंतीवर मिठाचे पांढरे थर आणि त्याखाली हिरवा थर, त्याखाली खड्डे पडलेलं पितळ. ज्या छोट्या प्लास्टिकच्या सीटवर धातूची धारदार कडा टेकून दाब अडवते, त्या सीटवर मिठाच्या खड्याने पडलेला चरा.

त्यांनी फिल्टर माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "धिस वन नॉट वन वॉश. धिस वन लाँग-लाँग टाइम." समुद्राचं पाणी आत जाऊन, वाळून, पुन्हा जाऊन, पुन्हा वाळून झालेलं काम. गोड्या पाण्याने एकदा धुऊन तीन आठवड्यांत असे थर बसत नाहीत, गोड्या पाण्यात मीठ असतं कुठे? तुम्ही कॅप पुसून लावता का? नाही. बोटीवरच्या टबात बुडवताना कॅप घट्ट असते का? बहुतेक वेळा. टबात पर्ज बटण दाबता? ...हो. तीन वर्षं मी नेमकं तेच करत होतो ज्याबद्दल आईला बोललो होतो. फक्त तिने ते नळाच्या पाण्यात एकदा केलं, मी खाऱ्या झालेल्या पाण्यात पन्नास वेळा.

"बट द तामारिंड?" मी शेवटचा प्रयत्न केला. अंकल हसले. कपाटातून व्हिनेगरची बाटली काढून दाखवली. हा हिरवा थर सौम्य आम्लानेच निघतो, ते स्वतः सुटे केलेले भाग तशाच द्रावणात घालून साफ करतात. फक्त आधी खोलायचं, रबराचे भाग बाजूला काढायचे, आणि वेळ पाहायची. बाहेरून घासून आतलं निघत नाही एवढीच आईची चूक. निघताना म्हणाले, "यू नेव्हर वॉश. अ‍ॅट लीस्ट युअर मदर वॉश, ला."

घरी जाताना तो हिरवा फिल्टर मी मागून घेतला. आई स्वयंपाकघरात होती. तिच्यासमोर ओट्यावर ठेवला आणि म्हटलं, "हे बघ. तू म्हणालीस ते बरोबर होतं, कळकलेलंच होतं. मी कळकवलं. तुझं काही चुकलं नव्हतं." तिने तो उचलून उजेडात धरला, नखाने खरवडून पाहिला. मग म्हणाली, "मी दोन रात्री झोपले नाही. म्हटलं, पोराच्या श्वासात मी पाणी घातलं." मी काय बोलणार? तिच्या पायाशी बसलो आणि लहानपणी मार खाल्ल्यावर रडायचो तसा रडलो. ती डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "आता नीट शिकव मला, कसं धुतात ते."

म्हणून तिला जे शिकवलं तेच इथे लिहितोय. तुमच्या रेग्युलेटरबरोबर आलेल्या पुस्तिकेत वेगळं काही असेल तर पुस्तिकेचं ऐका.

१. सगळ्यात आधी डस्ट कॅप. सिलिंडरवरून काढल्याबरोबर कॅप कोरड्या फडक्याने आतून पुसा, मगच फर्स्ट स्टेजच्या तोंडावर घट्ट लावा. कॅपमध्ये राहिलेले दोन थेंब थेट फिल्टरवर जातात. बॅगेत एक छोटा पंचा फक्त यासाठी ठेवा, तो दुसऱ्या कशाला वापरू नका.

२. बोटीवरच्या टबाला धुणं समजू नका. आधीच्या दहा जणांचं सामान बुडवून झालेलं असतं, ते पाणी चवीला आमटीएवढं तरी खारट असतं. तिथे बुडवा जरूर, पण ती फक्त सुरुवात.

३. घरी पोचेपर्यंत वाळू देऊ नका. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे चहाच्या चमचाभर पाण्यात चिमूटभर. ओलं असेल तोवर ते गोड्या पाण्यात चटकन जातं. वाळलं की फटीफटीत खडे होतात आणि ते सहज सुटत नाहीत. लांबचा प्रवास असेल तर ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळून पिशवीत ठेवा. बारा वाजता घरी पोचलात तरी निदान बादलीत टाकून झोपा... नाही, थांबा, तसंही नको, पुढचा मुद्दा वाचा.

४. बादलीत कोमट पाणी घ्या, गरम नको. उत्तम म्हणजे रेग्युलेटर सिलिंडरला जोडून, हवा चालू ठेवून धुवावा, मग आत पाणी शिरायचा प्रश्नच नाही. पण फ्लॅटमध्ये सिलिंडर कुणाकडे असतो? तेव्हा कॅप घट्ट आहे का ते दोनदा पाहा, अर्धा तास भिजवा, मधूनमधून हलवा. रात्रभर ठेवायचं असेल तर सेकंड स्टेज पाण्यात आणि फर्स्ट स्टेज बादलीच्या कडेवर, वर. फर्स्ट स्टेज दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडे असताना धुवा.

५. हवा चालू नसताना पर्ज बटण दाबायचं नाही. दाबलं की झडप उघडते आणि पाणी नळीतून उलटं फर्स्ट स्टेजकडे जातं. सेकंड स्टेज धुवायचा तर तोंडाच्या बाजूने नळाची हलकी धार सोडा, खालच्या बाजूने पाणी निघून जाईल, वाळूही जाईल. आणि चुकून दाबलंच, तर कुणाला ओरडू नका. सिलिंडर जोडून हवा सोडा, पाणी उडवून टाका आणि लवकर एकदा तपासून घ्या.

६. फर्स्ट स्टेजला भोकं असतील तर त्यातून धार जाऊ द्या, तिथे मीठ बसतं. बीसीडीला जोडायच्या नळीच्या टोकाची कडी मागे-पुढे ओढून धुवा. स्विमिंग पुलात सराव केला तरी हे सगळं करा, क्लोरीन रबराचा शत्रू आहे.

७. सावलीत, वाऱ्यावर वाळवा. बाल्कनीच्या उन्हात नाही. नळ्यांना घडी घालू नका, मोठ्या वेटोळ्यात ठेवा. पूर्ण वाळल्यावरच आत. आणि मंडळी, बॉम्ब शेल्टर नको! माझा आता बेडरूमच्या कपाटात, वारा खेळेल अशा पिशवीत असतो. वापरण्याआधी तोंडाच्या नळकांड्यात डोकावा. झुरळांना ती जागा फार आवडते, अनुभवाचे बोल.

८. निघायच्या आदल्या रात्री दोन तपासण्या. एक, कॅप लावलेली असताना सेकंड स्टेजमधून श्वास ओढा. काहीच यायला नको. हवा आली तर पडद्याला किंवा बाहेरच्या झडपेला फट आहे, म्हणजे खाली पाणी येणार. दोन, ही बोटीवरची: हवा उघडून गेजकडे बघत चार मोठे श्वास घ्या. काटा हलला तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. तरीही हलला तर हवा पुरेशी येत नाही, बहुधा फिल्टर चोंदलाय. त्या दिवशी डाइव्ह नाही. बोटीचे पैसे गेले तर गेले. मला तो काटा दिसला होता, हे मी विसरत नाही.

९. सर्व्हिसिंग कंपनी सांगेल तेव्हा, बहुतेक वर्षातून एकदा किंवा ठरावीक डाइव्हनंतर. कपाटात पडून असला तरीही, कारण रबर आणि मीठ सुट्टी घेत नाहीत. स्वतः इंजिनिअर आहात म्हणून घरी खोलू नका. मी सॉफ्टवेअरवाला आहे, तुम्हीही बहुतेक तेच.

आई परत जायच्या आधी मी आणखी एकदा हंटूला गेलो. तिला विचारून. दुरुस्त होऊन आलेला रेग्युलेटर निघण्यापूर्वी तिनेच हातात घेऊन कॅप पाहिली. दुपारी परत आलो तेव्हा बाथरूममध्ये बादली भरलेली होती, आणि पाण्यात कोपर बुडवून तिने ते कोमट आहे का ते पाहिलं होतं, बाळाच्या अंघोळीला पाहतात तसं.

मग २०२३च्या डिसेंबरात आम्ही सगळे कराडहून मालवणला गेलो. आईला सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा होता. १६६४ साली महाराजांनी बांधायला घेतलेला तो किल्ला, चारी बाजूंनी त्याच खाऱ्या पाण्यात उभा. हल्ली किल्ल्याच्या आसपास आणि तारकर्लीला पर्यटकांची स्कूबासाठी ही गर्दी असते. किनाऱ्यावर एक पोरगा पिंपात रेग्युलेटर धूत होता, पंधरा-वीस तरी असतील. आई थांबली. कमरेवर हात ठेवून तिने थोडा वेळ पाहिलं आणि विचारलं, "टोपण लावलंस का आधी?"

पोरगा चमकला. "लावलंय ओ, आधी लावूनच धुतो."

"शहाणा आहेस," आई म्हणाली आणि पुढे निघाली.

आता टियोमानहून परत आलो की सोमवारी सकाळी तिचा फोन येतो. कसा होता समुद्र, काय पाहिलं, हे ती अजूनही विचारत नाही. विचारते एवढंच: "धुतलंस?" हो म्हणायला मला आधी खरोखर धुवावं लागतं, कारण खोटं बोललो तर तिला आवाजावरून कळतं.

तर त्या प्रसादाच्या रांगेतल्या मित्रा, हे वाचत असशील तर उत्तर असं: रेग्युलेटर कुठलाही चांगल्या कंपनीचा घे, ज्याची सर्व्हिसिंग इथे होते असा. पण बादली आधी घे. आणि एक पंचा.

कळावे, लोभ असावा,

आपला,
हंटूचा एक डायव्हर, सिंगापूर

ता. क. तो हिरवा फिल्टर अजून माझ्याकडे आहे. ऑफिसच्या टेबलावर मॉनिटरखाली ठेवलाय. लोक विचारतात, हे काय? मी म्हणतो, तीन वर्षांचा आळस.